मूळ कापलं तर दात पडेल का?

मुलांनो, या वेळी एकच पत्र घेतलं आहे. दात पिवळे का दिसतात, अक्कलदाढेचा आणि अकलेचा काही संबंध असतो का, तारा लावल्यावर चिक्की खाता येते का, ही तुमची पत्रं पुढच्या अंकांसाठी बाजूला ठेवली आहेत. रागावू नका. हे पत्र नववीतल्या एका मुलाचं आहे आणि त्याच्या घरी याच महिन्यात एक निर्णय व्हायचा आहे. तो लिहितो :

"डॉक्टरकाका, सातवीत असताना खो-खो खेळताना माझं तोंड खांबावर आपटलं. ओठ फुटला, वरच्या पुढच्या दाताचा कोपरा उडाला. दात दोन-चार दिवस हलत होता, मग घट्ट झाला. दुखायचं थांबलं म्हणून आम्ही विसरून गेलो. आठ-नऊ महिन्यांनी तो दात करडा दिसायला लागला. मग त्याच्या वर हिरडीत पुटकुळी आली. ती फुटायची, तोंडात खारट लागायचं आणि पुन्हा यायची. आईने दवाखान्यात नेलं. रूट कॅनाल झालं, आत खिळा घालून वर कॅप बसवली. वर्षभर सगळं ठीक होतं. आता पुटकुळी परत आली आहे. डॉक्टर म्हणतात, हिरडी उघडून मुळाचं टोक कापावं लागेल. बाबा म्हणतात, एकदाचा काढून टाकू, कटकट मिटेल. आजी म्हणते, वरच्या दाताला हात लावू नका, डोळा जाईल. मला सगळ्याचीच भीती वाटते. पण एक विचारू का? झाडाचं मूळ कापलं की झाड मरतं. मग दाताचं मूळ कापल्यावर दात पडणार नाही का?"

नाव-गाव छापू नका, असं त्याने खाली दोनदा लिहिलं आहे. म्हणून छापत नाही.

आता मित्रा, तुझ्या दाताचा एक्स-रे मी पाहिलेला नाही. त्यामुळे तुला शस्त्रक्रिया हवीच की नको, हे मी इथे बसून सांगू शकत नाही. ते तुझ्या डॉक्टरांचं काम. पण तुझा शेवटचा प्रश्न मात्र मला फार आवडला. त्याचंच उत्तर आधी देतो.

दाताच्या मुळाला आपण 'मूळ' म्हणतो खरं, पण त्याचं वागणं झाडाच्या मुळासारखं नसतं. ते तुझ्या त्या खो-खोच्या खांबासारखं असतं. खांब जमिनीतून पाणी शोषत नाही. तो उभा राहतो तो भोवतीने ठोकून बसवलेल्या मातीमुळे, आणि ती माती त्याला चहूबाजूंनी, जमिनीत गेलेल्या सगळ्या लांबीभर धरून ठेवते. अगदी खालच्या टोकावर त्याची फारशी मदार नसते. दाताचंही तसंच. मूळ आणि जबड्याचं हाड यांच्यामध्ये एक फट असते, साधारण मिलिमीटरच्या पाचव्या भागाएवढी. त्या फटीत हजारो बारीक धागे असतात. एक टोक मुळात, दुसरं हाडात. या धाग्यांच्या झोळीत दात टांगलेला असतो म्हण ना! म्हणूनच आपण चणे फोडतो तेव्हा दात किंचित दबतो आणि परत जागेवर येतो.

वरच्या पुढच्या दाताचं मूळ साधारण १३ मिलिमीटर लांब असतं. या शस्त्रक्रियेत त्यातलं टोकाचं सुमारे ३ मिलिमीटर कापतात. उरलेल्या १० मिलिमीटरला धागे धरून असतातच. हिरड्या निरोगी असतील तर एवढ्याने दात पडत नाही.

पण तुझं म्हणणं अगदीच चूक आहे असंही नाही बरं का. जिवंत दाताच्या मुळाच्या टोकाला एक बारीक भोक असतं. त्यातून रक्तवाहिन्या आणि नस आत शिरतात आणि दाताच्या पोकळीतल्या मऊ मगजाला (डॉक्टर त्याला पल्प म्हणतात) जिवंत ठेवतात. दात नवीन तयार होत असताना या मगजाचं काम फार मोठं असतं. पुढचे पक्के दात साधारण सातव्या-आठव्या वर्षी हिरडीबाहेर येतात, पण त्यांची मुळं पुरी व्हायला आणखी दोन-तीन वर्षं लागतात. तेवढ्या काळात मगज मेला तर मूळ अर्धवटच राहतं. तू आपटलास सातवीत, म्हणजे तुझं मूळ बहुधा पुरं झालेलं होतं. एकदा मूळ पुरं झालं की मगज गेला तरी दात उभा राहतो, कारण बाहेरच्या त्या धाग्यांना रक्त हाडातून आणि हिरडीतून मिळतं. 'मेलेला दात' हा शब्द म्हणूनच मला पसंत नाही. मेलेला असतो तो आतला मगज.

मग मगज मेला कशाने? तर खांबावर आपटल्यावर दात क्षणभर जागेवरून हलला आणि टोकाशी असलेल्या त्या केसाएवढ्या रक्तवाहिन्या तुटल्या किंवा चिरडल्या. रक्त थांबलं. नसही गेली, म्हणून दुखायचंही थांबलं! इथेच बहुतेक घरं फसतात. दुखत नाही म्हणजे बरं झालं, असं आपण धरून चालतो. आतलं रक्त झिरपून दाताच्या भिंतीत मुरतं आणि दात करडा दिसायला लागतो. (करडा झालेला प्रत्येक दात गेलाच असंही नाही, काही सावरतात. म्हणून डॉक्टर गार कापूस लावून दात दाद देतो का ते बघतात, आणि तीच तपासणी काही आठवड्यांनी पुन्हा करतात.) खेळताना दाताला मार बसला तर दुखो वा न दुखो, त्याच आठवड्यात दाखवून यायचं आणि नंतरही दोन-चार वेळा दाखवत राहायचं.

नुसता मेलेला मगज एवढा त्रास देत नाही. त्रास देतात ते तिथे शिरलेले जंतू. हे कुणी शोधलं, त्याची गोष्ट मजेची आहे. १९६५ साली अमेरिकेतल्या काकेहाशी, स्टॅनली आणि फिट्झजेरल्ड या तीन संशोधकांनी उंदरांच्या दाढांना भोकं पाडली आणि मगज उघडा ठेवला. काही उंदीर नेहमीचे होते. काही मात्र जन्मापासून अशा पिंजऱ्यात वाढवलेले होते, की त्यांच्या अंगावर, पोटात, तोंडात एकही जंतू नव्हता. दोघांच्याही दाढांत खाणं अडकत होतं, कचरा साठत होता. नेहमीच्या उंदरांचा मगज सडला, पू झाला. जंतू नसलेल्या उंदरांच्या दाढांत अन्नाचा कचरा तसाच होता, तरी मगज सडला नाही. उलट दोन-तीन आठवड्यांत भोकाच्या तोंडाशी नवा कठीण थर तयार होऊन आतला मगज झाकला गेला! तेव्हापासून दातांच्या डॉक्टरांना पक्कं ठाऊक झालं, की खरा शत्रू जंतू आहे. तो आत नसेल तर शरीर आपलं आपण दुरुस्ती करतं.

तुझ्या दाताचा कोपरा उडाला होता. तिथल्या सूक्ष्म भेगांतून जंतूंना वाट मिळाली असणार. आत अंधार, उबदार जागा, खायला मेलेला मगज आणि लढायला समोर कुणी नाही. कारण आपल्या शरीराचे शिपाई, म्हणजे पांढऱ्या पेशी, रक्तातून येतात आणि या दातात रक्ताचा रस्ताच उरलेला नाही. मग जंतू मुळाच्या टोकावरच्या भोकातून बाहेर डोकावतात. तिथे मात्र रक्त असतं. शिपाई धावून येतात, जुंपते. या मारामारीत टोकाभोवतीचं हाड विरघळतं आणि तिथे पोकळी होते. पू साठला की तो हाडातून वाट काढत हिरडीशी येतो. ती तुझी पुटकुळी. म्हणजे ती गटाराचं तोंड आहे, आजार नव्हे. ती फोडून, हळद लावून, गुळण्या करून गटार बंद होत नाही.

आता आई-बाबांसाठी. याच कारणाने नुसत्या गोळ्यांनी हा आजार बरा होत नाही. जंतू मारणारं औषध पोटातून रक्तात जातं आणि रक्ताबरोबर फिरतं. दाताच्या आत रक्त जात नाही, मग औषध तरी कसं जाणार? चार दिवस सूज उतरते, कारण हाडातले जंतू मरतात. आतले मजेत असतात. पुढल्या परीक्षेच्या सुमाराला पुन्हा हजर! घरात उरलेल्या कॅप्सूल परस्पर देणं, किंवा वेदनाशामक गोळी दाताजवळ हिरडीवर दाबून ठेवायला सांगणं, हे दोन्ही कृपा करून टाळा. दुसऱ्या प्रकाराने हिरडी भाजते आणि एकाच्या जागी दोन दुखणी होतात.

रूट कॅनाल म्हणजे काय, ते आता सोपं आहे. दाताच्या मागून भोक पाडून आतला सडलेला मगज काढायचा, मुळातली नळी औषधी पाण्याने धुऊन बारीक कानशींनी साफ करायची आणि गुट्टा-पर्चा नावाच्या पदार्थाने ठासून बंद करायची. गुट्टा-पर्चा हा मलेशियाकडच्या झाडांचा चीक. एकोणिसाव्या शतकात समुद्राखालून तारायंत्राच्या तारा टाकल्या, तेव्हा त्यांच्यावर याचंच वेष्टण होतं. आज आपल्या दातात असतो. असो.

बहुतेक वेळा एवढ्याने काम भागतं. हाडातली पोकळी भरून येते, पुटकुळी आटते. पण कधीकधी नाही भागत. तुम्ही भूगोलात त्रिभुज प्रदेश शिकला आहात ना? नदी समुद्राला मिळताना तिला फाटे फुटतात. मुळातल्या नळीलाही टोकाजवळ असेच फाटे फुटतात, आणि ते इतके बारीक असतात की कानस तिथे पोचत नाही. एखाद्या फाट्यात जंतू दडून राहिले तर वर्ष-दोन वर्षांनी डोकं वर काढतात. कधी वरची कॅप किंवा सिमेंट गळतं आणि तोंडातले जंतू नव्याने आत जातात. कधी नळी आत वाकडी असते, चुन्यासारख्या क्षारांनी बुजलेली असते, किंवा साफ करताना कानशीचा तुकडा आत अडकतो.

अशा वेळी पहिला विचार करायचा तो रूट कॅनाल पुन्हा करण्याचा, हे मी ठासून सांगतो. वरच्या वाटेने पुन्हा आत जाऊन साफसफाई करता येत असेल तर चाकू हातात घ्यायचं कारण नाही. पण तुझ्या दातात खिळा आहे, वर कॅप आहे. खिळा उपटताना मूळच तडकण्याचा धोका असतो. कदाचित म्हणूनच तुझे डॉक्टर खालच्या वाटेने, म्हणजे टोकाकडून जायचं म्हणत असतील. त्यांना सरळ विचार : "पुन्हा रूट कॅनाल करून चालणार नाही का?" चांगले डॉक्टर या प्रश्नाला रागावत नाहीत.

या शस्त्रक्रियेचं नाव 'अपिकोएक्टमी'. म्हणायला अवघड आहे, अर्थ सोपा : एपेक्स म्हणजे टोक आणि एक्टमी म्हणजे कापून काढणं. ती कशी करतात, ते मी तुला पायरीपायरीने सांगतो. काही मोठी माणसं म्हणतील, मुलांना कशाला एवढं सांगायचं, घाबरतील. माझा अनुभव उलटा आहे. जे माहीत नसतं त्याची भीती जास्त वाटते.

आधी एक्स-रे. (दाताचा पहिला एक्स-रे जानेवारी १८९६ मध्ये जर्मनीतल्या ओटो वॉल्कहॉफ यांनी स्वतःच्याच तोंडाचा काढला. रंटगेन यांच्या शोधाला तेव्हा जेमतेम दोन महिने झाले होते! त्यासाठी २५ मिनिटं किरणांसमोर पडून राहावं लागलं. आज सेकंदापेक्षा कमी वेळ लागतो.) पुटकुळी नेमकी कोणत्या दाताची, अशी शंका असेल तर डॉक्टर गंमत करतात. गुट्टा-पर्चाची एक मऊ काडी पुटकुळीच्या भोकातून अलगद आत सरकवतात आणि फोटो काढतात. काडी त्या गटाराच्या वाटेने वळत वळत बरोबर चोराच्या घराशी जाऊन थांबते. फोटोत ती पांढरी रेघ स्पष्ट दिसते. कधीकधी शेजारचाच दात गुन्हेगार निघतो. गरज पडली तर सर्व बाजूंनी हाड दाखवणारा सीबीसीटी नावाचा स्कॅनही करतात.

मग भूल. तू जागाच असतोस, फक्त तेवढा भाग बधिर करतात. आधी हिरडीवर मलम, मग इंजेक्शन. टोचताना दुखतं, हे खोटं बोलण्यात अर्थ नाही. पण मनातल्या मनात वीस-तीस अंक मोजेपर्यंत संपतं. औषध असतं लिग्नोकेन. ते १९४३ साली स्वीडनमध्ये निल्स लॉफग्रेन यांनी तयार केलं आणि पाचेक वर्षांत दवाखान्यांत पोचलं. त्यात थोडं अ‍ॅड्रिनॅलिन मिसळतात, म्हणजे रक्तवाहिन्या आकसतात आणि रक्त कमी येतं. त्याने काही मिनिटं छातीत धडधडतं. घाबरल्यामुळे होतंय असं वाटेल. औषधामुळेही होतं.

ओठ जाड झाल्यासारखा वाटायला लागला, की डॉक्टर हिरडीला चीर देऊन ती वहीचं पान उलटावं तशी वर उचलतात. खाली हाड दिसतं. पुष्कळदा जंतूंनीच तिथे खिडकी केलेली असते. नसली तर बारीक ड्रिलने करतात. या वेळी सतत सलाइनचं पाणी सोडतात, कारण हाड साधारण ४७ अंश सेल्सिअसपर्यंत मिनिटभर जरी तापलं तरी त्याला इजा होते. तुला दुखणार नाही, पण घरघर ऐकू येईल आणि कवटीत थरथर जाणवेल. हाच भाग मुलांना सगळ्यात विचित्र वाटतो. डॉक्टरांना आधीच सांगून ठेव, की काही वाटलं तर डावा हात वर करीन. हात वर झाला की थांबायचं, असा करार.

खिडकीतून मुळाच्या टोकाभोवतीची सुजलेली, लालसर, मऊ गाठ चमच्यासारख्या हत्याराने खरवडून काढतात. ती फेकून न देता प्रयोगशाळेत तपासायला पाठवलेली बरी. मग टोकाचे ते ३ मिलिमीटर कापतात. तीनच का? कारण त्रिभुज प्रदेशातले बहुतेक सगळे फाटे याच शेवटच्या तीन मिलिमीटरांत असतात. जंतूंच्या लपायच्या जागा एका फटक्यात जातात. कापलेल्या जागेवर निळं औषध लावून डॉक्टर सूक्ष्मदर्शकातून पाहतात. मूळ कुठे तडकलं असेल तर त्या भेगेत निळी रेघ उमटते. मूळ उभं तडकलेलं निघालं, तर मात्र प्रामाणिकपणे सांगायला हवं, की तो दात वाचत नाही. तिथे शस्त्रक्रिया पुढे रेटण्यात शहाणपणा नाही.

तडा नसेल तर सगळ्यात नाजूक काम. अतिशय वेगाने कंप पावणाऱ्या छोट्याशा वाकड्या टोकाने, मुळाच्या कापलेल्या तोंडातून आत ३ मिलिमीटर खोल खळगा करतात आणि तो सिमेंटने बंद करतात. सिमेंट म्हणजे खरंच सिमेंट बरं! पूर्वी इथे चांदीचं मिश्रण भरत. पुढे १९९३ साली कॅलिफोर्नियातल्या लोमा लिंडा विद्यापीठात महमूद तोराबिनेजाद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एमटीए नावाचा पदार्थ पुढे आणला. त्याचा मुख्य घटक म्हणजे घर बांधायला वापरतात त्या पोर्टलंड सिमेंटचाच शुद्ध केलेला भाऊ. तोंडातल्या इतर मसाल्यांना ओल चालत नाही. हा मात्र ओलाव्यातच घट्ट होतो, आणि शरीराला तो परका वाटत नाही, त्याला लागून नवं हाड वाढतं. (म्हणून कुणी बांधकामावरचं सिमेंट दातात भरू नका! त्यात नको ते बरंच काही असतं.)

शेवटी हिरडीचं पान परत जागेवर ठेवून अगदी बारीक दोऱ्याने टाके घालतात. सगळं मिळून तासभर, फार तर दीड तास.

याचा उपयोग किती होतो? इथे कोण करतो आणि कसं करतो याला फार महत्त्व आहे. २०१० साली अनेक अभ्यास एकत्र करून केलेली एक पाहणी प्रसिद्ध झाली. साध्या डोळ्यांनी, जुन्या हत्यारांनी आणि जुन्या मसाल्याने केलेल्या शस्त्रक्रियांत १०० पैकी सुमारे ५९ यशस्वी झाल्या होत्या. सूक्ष्मदर्शक, कंप पावणारी हत्यारं आणि नवं सिमेंट वापरलं तिथे सुमारे ९४. केवढा फरक! म्हणून बाबांनी हेही विचारावं : "तुमच्याकडे सूक्ष्मदर्शक आहे का? नसेल तर कुणाकडे पाठवाल?" मुळांच्या उपचारात जास्तीचं शिक्षण घेतलेल्या डॉक्टरांना एंडोडोंटिस्ट म्हणतात. खर्चाची अडचण असेल तर मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथल्या शासकीय दंत महाविद्यालयांत, किंवा मुंबईच्या नायर दंत महाविद्यालयात चौकशी करा. खाजगी दवाखान्यापेक्षा तिथे पुष्कळ कमी पैशांत काम होतं. रांग मात्र लावावी लागते.

आता बाबांचं म्हणणं : काढून टाकू, कटकट मिटेल. हा विचार जुना आहे आणि एके काळी मोठमोठे डॉक्टरही तो करत. १९१० साली विल्यम हंटर या ब्रिटिश डॉक्टरांनी कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठात एक भाषण केलं. सोन्याच्या टोपणांखाली पू झाकणाऱ्या दंतवैद्यांवर ते चांगलेच बरसले. त्यात तथ्यही होतं. पण पुढे त्याचं खूळ झालं. संधिवात असो की आणखी काही, दोष दातांना द्यायचा आणि दात उपटायचे. अमेरिकेत न्यू जर्सीच्या ट्रेंटन शहरात हेन्री कॉटन नावाच्या डॉक्टरने तर मनोरुग्णांचे दात उपटून वेड बरं करायचा सपाटा लावला. वेड गेलं नाही, दात मात्र गेले. पुढे नीट अभ्यास झाले तेव्हा हे खूळ ओसरलं.

तरी कधीकधी दात काढणंच योग्य असतं, हे वर सांगितलंच. पण चौदाव्या वर्षी पुढचा दात काढला की कटकट मिटत नाही, सुरू होते. मोठ्या माणसाला हाडात स्क्रू बसवून नवा दात देता येतो, त्याला इम्प्लांट म्हणतात. मुलांचा जबडा अजून वाढत असतो. आजूबाजूचे खरे दात जबड्याबरोबर खाली सरकतात आणि स्क्रू आहे तिथेच राहतो. काही वर्षांनी तो दात शेजाऱ्यांपेक्षा आखूड दिसायला लागतो. म्हणून जबड्याची वाढ पुरी होईपर्यंत, म्हणजे अठरा-वीस वर्षांचा होईपर्यंत, थांबावं लागतं. तोवर काढता-घालता येणारा दात किंवा शेजारच्या दाताला चिकटवलेला दात. शिवाय दात नसलेल्या जागचं हाड झिजत जातं. स्वतःचा दात आणखी पाच-सात वर्षं जरी टिकला, तरी त्या हाडाची राखण होते. बाबा, एवढ्यासाठी तरी शस्त्रक्रियेचा विचार करा असं मी म्हणेन.

आणि आजी, तुमची काळजी मी समजू शकतो. वरचा दात आणि डोळा चेहऱ्यावर जवळजवळ, म्हणून तसं वाटतं. पण मेंदूतून नसांच्या बारा जोड्या निघतात. दिसतं ते दुसऱ्या जोडीमुळे. दाताचं दुखणं पोचवते ती पाचवी जोडी. दोघींचे रस्ते वेगळे. दात काढल्याने किंवा मुळाचं टोक कापल्याने नजर जात नाही. उलट मुळाशी पू तसाच ठेवला आणि तो पसरला, तर डोळ्यापर्यंत सूज येऊ शकते. म्हणून सगळ्यांनीच लक्षात ठेवा : सूज डोळ्याकडे किंवा जबड्याखाली गळ्याकडे सरकायला लागली, ताप आला, तोंड उघडेना, गिळायला किंवा श्वास घ्यायला त्रास झाला, तर सकाळची वाट पाहायची नाही. त्याच रात्री मोठ्या रुग्णालयात जायचं.

शस्त्रक्रियेनंतरचं थोडक्यात. पहिल्या दिवशी ओठावर बाहेरून बर्फ, दहा-पंधरा मिनिटं ठेवायचा, तेवढाच वेळ थांबायचं, पुन्हा ठेवायचा. सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सगळ्यात जास्त दिसते, मग उतरते. त्यामुळे शाळेच्या फोटोचा दिवस पाहून तारीख ठरव! वरण-भात, मऊ खिचडी, दहीभात खायचा. चकली, कणीस काही दिवस बंद. दुसऱ्या दिवसापासून कोमट मिठाच्या पाण्याने हळू गुळण्या. बाकीचे दात घासायचेच, टाक्यांवर ब्रश फिरवायचा नाही. आणि एक गोष्ट मुलं हमखास करतात : आरशासमोर उभं राहून ओठ वर ओढून टाके बघतात, मित्रांनाही दाखवतात. त्याने टाके सुटतात. ओठाला हात लावायचा नाही. टाके साधारण तीन दिवसांपासून आठवड्याभरात काढतात. खो-खो किती दिवस बंद, ते डॉक्टरांना विचार. आणि परत उतरशील तेव्हा दातांवर बसणारं रबरी माउथगार्ड घालून उतर.

हाड भरून यायला मात्र महिने लागतात. सहा महिन्यांनी एक्स-रे, मग वर्षाने पुन्हा. पहिल्या फोटोत टोकाशी जो काळा डाग दिसत होता, तो लहान लहान होत जायला हवा. तिन्ही फोटो जपून ठेवा आणि डॉक्टरांना शेजारी शेजारी लावून दाखवायला सांगा. मधल्या काळात पुटकुळी पुन्हा दिसली, तर सहा महिन्यांची तारीख यायची वाट पाहू नका. लगेच जा.